पटावर नसलेली माणसं : रुग्णांच्या राष्ट्रीय नोंदी आणि मनाचे नेहमीचे आजार



‘नैराश्याचे रुग्ण वाढले’, ‘चिंतेचं प्रमाण दुप्पट’ अशा मथळ्यांच्या बातम्या हल्ली पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सतत फिरत असतात. वाचून धास्ती वाटते. आपल्या मुलाकडे, आपल्या वर्गाकडे बघून मनात नाही नाही ते येतं. पण हे आकडे येतात कुठून? मोजले कोणी? कोणाला मोजलं, आणि मोजायचं कोण राहून गेलं? आजच्या पाठात हेच समजून घेऊ. विषय वैद्यकीय असला तरी त्याचं मूळ आपल्या ओळखीचं आहे. हजेरीपट आणि जनरल रजिस्टर ज्याने आयुष्यभर सांभाळलं, त्याला हा विषय डॉक्टरांइतकाच चांगला समजेल.

मनाचे नेहमीचे आजार म्हणजे कोणते?

मानसिक आजार म्हटलं की रत्नागिरी जिल्ह्यातल्या माणसाच्या डोळ्यांसमोर पटकन रत्नागिरीचं मनोरुग्णालय येतं. ते १८८६ सालापासून उभं आहे, म्हणजे आपल्या पणजोबांच्या काळापासून. ‘रत्नागिरीला न्यायला पाहिजे याला’ हे वाक्य आपल्याकडे चेष्टेत वापरतात. त्यामुळे मानसिक आजार म्हणजे भान सुटलेला माणूस, असं समीकरण डोक्यात घट्ट बसलं आहे.

प्रत्यक्षात सर्वांत जास्त आढळणारे आजार वेगळेच आहेत. उदासपणा आठवडेच्या आठवडे न हटणं, म्हणजे नैराश्य. कारण असो-नसो, सतत जीव टांगणीला लागल्यासारखा वाटणं, म्हणजे चिंताविकार. एखाद्या आघातानंतर किंवा सततच्या ताणाने झोप, भूक, काम यांची घडी विस्कटणं. या सगळ्यांना मिळून शास्त्रात ‘सामान्य मानसिक विकार’ म्हणतात. इथे ‘सामान्य’चा अर्थ किरकोळ असा घेऊ नका, ‘नेहमी आढळणारे’ असा घ्या. ही माणसं घरात असतात, कामावर जातात, डबा करतात, बाजारात भेटतात. डॉक्टरकडे गेलीच तर ‘मन उदास आहे’ असं सांगत नाहीत. ‘डोकं जड वाटतं’, ‘छातीत धडधडतं’, ‘अंगात ताकद नाही’, ‘हातापायांना मुंग्या येतात’, ‘झोप नाही’ असं सांगतात. केसपेपरवर मग ‘अशक्तपणा’ लिहिलं जातं आणि व्हिटॅमिनच्या गोळ्या मिळतात. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

राष्ट्रीय रुग्णनोंद : अख्ख्या देशाचं जनरल रजिस्टर

आपल्या शाळेत प्रत्येक मुलाला जनरल रजिस्टरचा एक नंबर मिळतो. नाव, जन्मतारीख, दाखल झाल्याचा दिवस, शाळा सोडल्याचा दिवस, सगळं त्या नंबरापुढे. मूल दुसऱ्या शाळेत गेलं तर दाखल्यावरून माग काढता येतो. आता अशी कल्पना करा की अख्ख्या देशात प्रत्येक माणसाला जन्मतः एकच नंबर मिळतो आणि तो मरेपर्यंत बदलत नाही. रुग्णालयात गेला की तोच नंबर, औषध घेतलं की तोच, शाळेच्या निकालावर तोच, नोकरीत तोच, मृत्यूच्या दाखल्यावरही तोच.

स्वीडनमध्ये असा नंबर १९४७ पासून आहे, डेन्मार्कमध्ये १९६८ पासून. डेन्मार्कने मनोरुग्णालयांत दाखल झालेल्यांची देशभराची नोंद १९३८ पासून कार्डांवर ठेवायला सुरुवात केली आणि १९६९ मध्ये ती संगणकावर आणली. १९९५ पासून दाखल न होता फक्त तपासून जाणारे, म्हणजे आपल्या भाषेत ओपीडीचे रुग्णही त्यात धरले जाऊ लागले. स्वीडनमध्ये रुग्णालयात दाखल होणाऱ्यांची नोंद १९६४ पासून सुरू झाली आणि १९८७ मध्ये ती सगळ्या देशात पोचली. तज्ज्ञांच्या ओपीडीची भर २००१ मध्ये पडली आणि दुकानातून घेतलेल्या औषधांची स्वतंत्र नोंद २००५ पासून.

या नोंदींत प्रत्येक आजाराला एक सांकेतिक क्रमांक असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या दहाव्या यादीत मानसिक आजारांच्या क्रमांकापुढे ‘एफ’ हे अक्षर येतं. एफ-३२ म्हणजे नैराश्याचा एक टप्पा, एफ-४० ते एफ-४८ मध्ये चिंता आणि ताणाचे विकार. संशोधक संगणकाला विचारतो, ‘अमुक वर्षापासून अमुक वर्षापर्यंत हे क्रमांक ज्यांच्या नावापुढे आहेत त्यांची यादी दे.’ यादी मिळते, पण नावं काढून टाकून. त्यावर पुढचं काम चालतं.

अशा नोंदींचे फायदे मोठे आहेत. पहिला, कोणी मधेच गळत नाही. प्रश्नावली घेऊन गेलं तर निम्मे लोक दार उघडत नाहीत, इथे अख्खा देश आधीच वहीत आहे. दुसरा, माणसाच्या आठवणीवर अवलंबून राहावं लागत नाही. ‘दहा वर्षांपूर्वी तुम्हाला उदास वाटत होतं का?’ या प्रश्नाला आपण कोणीच नीट उत्तर देऊ शकणार नाही, नोंद मात्र त्या दिवशीच झालेली असते. तिसरा फायदा आपल्याला जवळचा वाटेल. एका नोंदीला दुसरी नोंद जोडता येते.

एक उदाहरण, शिक्षकांच्या कामाचं

आईवडिलांच्या नैराश्याचा मुलांच्या अभ्यासावर परिणाम होतो का? आपण सगळे म्हणू, होत असणारच. पण ‘असणारच’ म्हणजे पुरावा नव्हे. स्वीडनमधल्या संशोधकांनी १९८४ ते १९९४ या काळात जन्मलेल्या ११ लाखांहून अधिक मुलांच्या शालेय शिक्षणाच्या शेवटी, साधारण सोळाव्या वर्षी, मिळालेल्या गुणांची नोंद घेतली आणि त्यांच्या आईवडिलांच्या रुग्णनोंदीशी ती जोडली. २०१६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. आईला किंवा वडिलांना नैराश्याचा आजार झालेला असेल तर मुलाचे गुण सरासरीने कमी दिसतात. वडिलांच्या आजारातही तो फरक जवळजवळ आईच्या आजाराइतकाच होता.

यातून काय घ्यायचं? ‘घरातल्या मोठ्या माणसाच्या मनाची काळजी घेणं हा मुलाच्या अभ्यासाचाच भाग आहे’ हे आपण पालकसभेत ठामपणे सांगू शकतो. ११ लाख मुलांचा अभ्यास वर्गावर्गात फिरून कोणाला जमला नसता. नोंदी होत्या म्हणून तो झाला.

आता याच अभ्यासाकडे परीक्षकाच्या नजरेने बघू. ‘नैराश्य झालेले पालक’ ठरवले कसे? रुग्णालयाच्या नोंदीवरून. म्हणजे जे पालक दाखल झाले किंवा तज्ज्ञापर्यंत गेले, तेवढेच. जी आई गावातल्या डॉक्टरकडे जाऊन झोपेची गोळी घेऊन आली, आणि जो बाप कोणाकडेच गेला नाही, ते दोघेही या हिशेबात ‘नैराश्य नसलेले’ ठरले. स्वीडनच्या राष्ट्रीय रुग्णनोंदीत प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या भेटी धरल्या जात नाहीत. आणि मनाचे नेहमीचे आजार बघितले जातात ते बहुतांशी तिथेच. पायाची मोडलेली हाडं या वहीत जवळजवळ सगळी सापडतात. उदास माणसं मात्र थोडीच सापडतात, आणि तीही जास्त आजारी असलेली.

पटावरची मुलं आणि शाळाबाह्य मुलं

इथे शिक्षकाला लगेच उमगेल असा मुद्दा आहे. हजेरीपट चोख असला तरी त्यावरून गावात मुलं किती आहेत हे कळत नाही. पटावर किती आहेत एवढंच कळतं. वीटभट्टीवर आलेल्या कुटुंबातली मुलं, बंदरात कामाला आलेल्यांची मुलं पटावर नसतात. म्हणून तर आपल्याला शाळाबाह्य मुलांचा सर्व्हे करायला वस्तीवस्तीवर पाठवतात. पट आणि सर्व्हे ही दोन वेगळी साधनं आहेत, दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देणारी.

रुग्णनोंद म्हणजे पट. घरोघरचं सर्वेक्षण म्हणजे शाळाबाह्य मुलांचा शोध.

भारतात असं मोठं सर्वेक्षण २०१५-१६ मध्ये बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने केलं. १२ राज्यांत ३४,८०२ प्रौढ माणसांशी घरी जाऊन बोलणं झालं. तेव्हा प्रौढांपैकी सुमारे १०.६ टक्के लोकांना उपचाराची गरज असलेला मानसिक आजार होता. आयुष्यात कधीतरी आजार होऊन गेलेले धरले तर १३.७ टक्के. आणि सर्वांत बोलका आकडा असा की मनाच्या नेहमीच्या आजारांत सुमारे ८५ टक्के लोक उपचारांच्या बाहेर होते. या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता, म्हणजे आपल्या राज्याचा आकडा त्यात शोधायला जाऊ नका.

एक हिशेब मांडून बघू. (गाव काल्पनिक आहे, फक्त ८५ टक्के वरच्या सर्वेक्षणातले आहेत.) समजा एका गावात १०० माणसांना नैराश्य किंवा चिंतेचा आजार आहे. त्यांतली ८५ कुठेच जात नाहीत. उरलेल्या १५ पैकी समजा १२ जण जवळच्या डॉक्टरकडे जातात आणि ३ जण मानसोपचारतज्ज्ञाकडे. फक्त तज्ज्ञांची नोंद धरणारं राष्ट्रीय रजिस्टर असेल तर त्यात दिसणार ३. आजारी माणसं १००, वहीत ३. आता या ३ जणांवरून ‘नैराश्य कोणाला होतं, का होतं, पुढे काय होतं’ याचे नियम काढले तर? ते नियम तज्ज्ञापर्यंत पोचण्याइतके पैसे, वेळ, धीर किंवा त्रास असलेल्यांचे असतील. बाकीच्या ९७ जणांना ते लागू पडतीलच असं नाही.

आणखी एक आकडा बघा. डेन्मार्कच्या नोंदींवरून २०१४ मध्ये एक अंदाज प्रसिद्ध झाला. तिथल्या माणसाला आयुष्यात कधी ना कधी कोणत्या तरी मानसिक आजारासाठी तज्ज्ञ सेवेत उपचार घ्यावे लागण्याची शक्यता स्त्रियांत सुमारे ३८ टक्के आणि पुरुषांत सुमारे ३२ टक्के. आपल्या सर्वेक्षणातले १३.७ टक्के याच्या शेजारी ठेवून कोणी म्हणेल, ‘बघा, पाश्चात्त्यांची कुटुंबं मोडली, आपली टिकली, म्हणून आपण सुखी.’ असं भाषण ठोकायला आकडे छान आहेत, पण तुलना चुकीची आहे. एक आकडा संपूर्ण आयुष्यभराचा अंदाज आहे आणि तो दवाखान्याच्या वहीतून काढलेला आहे. दुसरा माणसाने घरच्या ओसरीवर बसून, आठवून, अनोळखी माणसाला सांगितलेल्या उत्तरांवरून काढलेला आहे. शेजारी सासू बसलेली असताना सून काय सांगणार आणि काय गिळणार, हे आपण जाणतोच.

अमरावतीची तीस गावं

‘आजार वाढला’ आणि ‘नोंद वाढली’ यातला फरक महाराष्ट्रातल्याच एका कामातून फार स्पष्ट दिसतो. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा कार्यक्रम झाला. गावातल्याच माणसांना शिकवून तयार केलं. त्यांनी नैराश्याबद्दल लोकांशी बोलायचं, ऐकून घ्यायचं, गरज असेल त्याला डॉक्टरपर्यंत न्यायचं. कार्यक्रमाच्या सुरुवातीला नैराश्य असलेल्यांपैकी फक्त ४.३ टक्के लोकांनी उपचार घेतलेले होते. १८ महिन्यांनी पुन्हा पाहणी केली तेव्हा हे प्रमाण २७.२ टक्क्यांवर गेलं होतं. हे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं.

आता कल्पना करा, त्या ३० गावांचं फक्त दवाखान्याचं रजिस्टर कोणा बातमीदाराच्या हातात पडलं. त्याला काय दिसेल? आधी चार रुग्ण यायचे तिथे आता सत्तावीस येतायत. मथळा तयार : ‘दीड वर्षात नैराश्य सहापट!’ प्रत्यक्षात घडलं ते चांगलं होतं. आजार सहापट झाला नव्हता, दार उघडलं गेलं होतं. आपल्या शाळेत नवीन बाई आल्या, वस्तीवर फिरल्या आणि पट वाढला, तर गावात मुलांची संख्या वाढली असं आपण म्हणत नाही. मग रुग्णांच्या बाबतीत का म्हणतो?

उलटंही होतं. नियम बदलला की वहीतले आकडे पडतात. शिक्षण हक्क कायदा २०१० मध्ये लागू झाला आणि आठवीपर्यंत ‘नापास’ हा शेरा गेला. कागदावर नापास मुलं शून्य झाली. म्हणून सगळ्यांना वाचता येऊ लागलं का? आजारांच्या याद्या बदलतात तेव्हा असंच होतं. डेन्मार्कने १९९४ मध्ये आठव्या यादीवरून थेट दहाव्या यादीवर उडी मारली, आणि पुढच्याच वर्षी ओपीडीचे रुग्ण मोजायला घेतले. त्यामुळे १९९३ आणि १९९६ चे तिथले आकडे शेजारी ठेवून ‘वाढ’ काढणारा संशोधक फसणारच. चांगला संशोधक आधी वहीचा इतिहास वाचतो, मग वही.

दापोलीच्या माणसाची नोंद कुठे होते?

आता आपल्या अंगणात येऊ. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. याचं कारण आपल्याला कोणी सांगायला नको. पुरुष मुंबईला. चाकरमानी घरचा रेशनकार्डावर इथला, पण ताप आला तर तिथल्या दवाखान्यात. त्याला चिंतेचा आजार झाला तर नोंद, झालीच तर, मुंबईत होणार. गणपतीला घरी आला की औषधाची पिशवी आईला दिसू नये म्हणून बॅगेच्या तळाशी. इकडे त्याची बायको हर्णै-आंजर्ले-केळशीच्या पट्ट्यात कुठेतरी एकटीने घर, गुरं, सासूसासरे आणि मुलांची शाळा ओढते आहे. तिची ‘कंबर दुखते’, ‘झोप लागत नाही’ ही नोंद उपकेंद्रात. दोघं एकाच घरातली, पण कोणत्याही वहीत त्यांची गाठ पडत नाही. एकच नंबर नसला की असं होतं.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं. दापोली-मंडणगडात सुपारीच्या आणि नारळाच्या बागा आडव्या झाल्या. किती झाडं पडली, किती कौलं उडाली याचे पंचनामे झाले. पंचनाम्याच्या फॉर्मवर झोपेचा रकाना नसतो. पंचवीस वर्षं वाढवलेली बाग एका दुपारी गेल्यावर त्या माणसाचं पुढे काय झालं, दोन वर्षांनी तो सावरला की खचला, त्याच्या मुलीच्या दहावीच्या अभ्यासावर काय परिणाम झाला, हे शोधायला वादळाच्या आधीची आणि नंतरची जोडलेली नोंद लागते. स्वीडनमध्ये हा अभ्यास कचेरीत बसून करता आला असता. आपल्याला तो घरोघर जाऊनच करावा लागेल. नोंद नसण्याची किंमत ही अशी असते : कोणाला मदत लागणार होती ते कळत नाही, म्हणून मदत पाठवता येत नाही.

मग आपल्याकडे काहीच नाही का? आहे, आणि त्यात मराठी मुलखाचा वाटा मोठा आहे.

बार्शीचं उदाहरण घ्या. १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंद सुरू झाली. आजार वेगळा, पण अडचण हीच होती. खेड्यातला रुग्ण रुग्णालयात येतच नाही, तर नोंद होणार कशी? तिथल्या कार्यकर्त्यांनी वाट बघत बसायचं सोडलं आणि ते गावोगाव फिरले. लोकांशी बोलले, लक्षणं समजावून सांगितली, रुग्ण शोधून तपासणीला आणले. नोंद ठेवता ठेवता लोक लवकर तपासायला येऊ लागले. पुणे जिल्ह्यात वढूच्या परिसरातल्या २२ गावांत केईएम संशोधन केंद्राने २००२ पासून घरोघरची जन्म, मृत्यू, स्थलांतराची नोंद चालवली आहे. म्हणजे राष्ट्रीय नाही, पण गावांच्या एका गटाची ‘जिवंत वही’ आपल्याकडे चालू शकते हे सिद्ध झालं आहे.

मनाच्या आजारांत आपला शेजारी गोवा पुढे आहे. ‘संगत’ ही संस्था तिथे १९९६ पासून काम करते. डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी तिथे ‘मानस’ नावाचा अभ्यास केला, १२ सरकारी आणि १२ खासगी अशा २४ दवाखान्यांत. तज्ज्ञाची वाट न बघता, साध्या ओपीडीत आलेल्या प्रत्येकालाच थोडे प्रश्न विचारायचे, ‘अंग दुखतं’च्या मागे उदासपणा आहे का बघायचं, आणि खास प्रशिक्षण दिलेल्या, पण डॉक्टर नसलेल्या समुपदेशकाने पुढची साथ द्यायची. २०१० मध्ये निष्कर्ष आले. सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनी अशी साथ मिळालेल्यांपैकी ६५.९ टक्के बरे झाले, साथ न मिळालेल्यांत ४२.५ टक्के. मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेला ‘अशक्तपणा’चा केसपेपर आठवा. त्याच केसपेपरच्या मागच्या बाजूला खरा आजार सापडू शकतो, विचारणारं कोणीतरी हवं.

आणि हे विचारणं आपल्याही वाडीत पोचलं आहे. आशाताई तीस वर्षांवरच्या माणसांचा जो फॉर्म भरतात, त्यात बीपी-शुगर-तंबाखूबरोबर दोन प्रश्न मनाचे आहेत. गेल्या दोन आठवड्यांत कामात रस किंवा आनंद वाटेनासा झाला का? उदास, निराश वाटलं का? उत्तरांना गुण दिले जातात आणि बेरीज तीनच्या वर गेली तर उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याकडे पाठवायचं असतं. कागदावर हे दोनच प्रश्न आहेत. पण ते नीट विचारले गेले आणि खरी उत्तरं मिळाली, तर उद्याच्या मोठ्या नोंदीचा पाया तिथेच आहे. ‘नाही, नाही’ अशा खुणा उभ्याउभ्या केल्या तर संगणक कितीही महागडा आणला तरी तो ‘नाही’च सांगणार.

गुपित राखलं तरच खरं सांगतील

पालकांच्या मनात इथे प्रश्न येणारच. ‘माझ्या मुलीचं नाव अशा वहीत गेलं तर उद्या लग्नाच्या वेळी?’ हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. याच भीतीपोटी माणसं पटाबाहेर राहतात.

चांगल्या नोंदीत संशोधकाला नाव मिळत नाही. नंबर काढून त्या जागी कामापुरता दुसरा क्रमांक दिलेला असतो. अभ्यासाला आधी नीतिसमितीची परवानगी लागते. आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे, उपचार करणाऱ्यांवर ते बंधन आहे. पण लहान गावात नाव काढून भागत नाही. ‘अमुक वाडी, वय ३४, स्त्री, शिक्षण बारावी, नैराश्य’ एवढं लिहिलं की चाळीस घरांच्या वाडीत सगळ्यांना कळलं. म्हणून आकडा लहान असेल तेव्हा गाव, वय असे तपशील मोघम करावे लागतात.

विश्वास नसला की वही कशी खोटी बोलते याचं एक दुःखद उदाहरण आहे. आत्महत्यांची नोंद आपल्याकडे पोलिसांकडून होते. २०१० साली त्या नोंदीत १ लाख ३४ हजारांच्या आसपास मृत्यू होते. त्याच वर्षासाठी घरोघर जाऊन मृत्यूची कारणं विचारणाऱ्या देशव्यापी अभ्यासाचा अंदाज सुमारे १ लाख ८७ हजार होता. मधली पन्नास हजारांहून जास्त माणसं पोलिसांच्या त्या नोंदीत सापडत नाहीत. बदनामीची, चौकशीची भीती हे त्यामागचं मोठं कारण मानलं जातं. २०१७ च्या कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरायला सांगितलं, शिक्षेऐवजी आधाराकडे वळवलं. कायदा बदलला, आता जीभ बदलायची आहे, तुमची आणि माझी.

शाळेत आणि घरी आपण काय करायचं?

१. बातमी वाचताना चार प्रश्न विचारा. हा आकडा वहीतला की घरोघरचा? वहीत कोणाची भेट धरली आहे, तज्ज्ञाची की साध्या डॉक्टरचीही? मधल्या काळात मोजायची पद्धत बदलली का? नवीन दवाखाना, नवीन समुपदेशक, नवीन हेल्पलाइन सुरू झाली का?

२. शाळेच्या कागदावर आजाराचं नाव लिहू नका. आपण डॉक्टर नाही. जे दिसलं ते लिहा : ‘दोन आठवडे डबा खात नाही’, ‘मैदानावर जात नाही’, ‘सोमवारी गैरहजर असते’. अशी नोंद उद्या डॉक्टरला उपयोगी पडते आणि मुलावर शिक्का बसत नाही. ती वही टेबलावर उघडी ठेवू नका.

३. पालकांना आशाताईंच्या त्या दोन प्रश्नांबद्दल सांगा. ‘खरं सांगा, त्यात कमीपणा नाही’ हे वाक्य गुरुजींच्या तोंडून आलं की वजन पडतं.

४. टेलिमानस ही सरकारी मोफत सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. नंबर १४४१६, दिवसरात्र. मराठीत बोलता येतं. शाळेच्या सूचनाफलकावर ठळक लिहा. मूल किंवा मोठं माणूस जिवाचं बरंवाईट करण्याचं बोलत असेल तर ‘नाटक करतोय’ म्हणू नका, एकटं सोडू नका, लगेच दवाखान्यात न्या.

वर्गासाठी उपक्रम (आठवी-नववी, सांख्यिकी)

मुलांना कोऱ्या चिठ्ठ्या द्या, नाव लिहायचं नाही. दोन प्रश्न : गेल्या महिन्यात डोकं दुखलं होतं का? दुखलं असेल तर दवाखान्यात गेलात का? चिठ्ठ्या डब्यात टाकून मुलांकडूनच मोजून घ्या. फळ्यावर दोन स्तंभ काढा, ‘दुखलं’ आणि ‘दवाखान्यात गेले’. मग विचारा, फक्त दवाखान्याची वही बघणाऱ्या माणसाला आपल्या वर्गाबद्दल काय वाटेल? दुसऱ्या दिवशी शाळेतच डॉक्टर आले असते तर कोणता स्तंभ वाढला असता आणि कोणता तेवढाच राहिला असता? पाठ्यपुस्तकातला स्तंभालेख पूर्ण होतो आणि एक मोठी गोष्ट मुलांच्या हाताला लागते. मनाचे प्रश्न मात्र अशा चिठ्ठ्यांत विचारू नका. तो विषय वर्गात मोजायचा नाही, एकेकाशी बोलायचा आहे.

थोडक्यात सांगायचं तर राष्ट्रीय रुग्णनोंद हे फार ताकदीचं साधन आहे, आणि आपल्या देशात ती नीट, गोपनीयता राखून व्हायला हवी. पण मनाच्या नेहमीच्या आजारांत ती वही नेहमीच अर्धवट असणार, कारण माणूस दारापर्यंत आला तरच त्याचं नाव तिच्यात चढतं. पट तयार करायचा तर आधी वस्तीवर जावं लागतं. आपल्याला ते काम नवीन नाही. तुमच्या शाळेत, तुमच्या वाडीत हे कसं करता येईल, जरूर कळवा.